अडखळणारं पुस्तक

माझ्या मामाला घरी आणि कामावर, दोन्हीकडे कंसमामा म्हणायचे. नाव मीच ठेवलं होतं. शाळेत असताना एकदा त्याच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्यात डोकावले, तर ओळीच्या ओळी टोकदार कंसांनी भरलेल्या. "मामा, तू दिवसभर नुसते कंस काढतोस आणि त्याचा तुला पगार देतात?" असं मी विचारलं. आई हसत सुटली आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे मी एकदा त्याच्या कामावर फोन करून "कंसमामा आहे का?" असं बोलून बसले, तेव्हापासून तिथलेही सगळे तसंच म्हणू लागले.

मामा आईचा धाकटा भाऊ. बाबा गेल्यावर तो आमच्याकडे आला तो थोड्या दिवसांसाठी म्हणून. मग त्याचं टेबल आलं, टेबलावरचा दिवा आला, दाढीचं सामान आलं, आणि परत जायचा विषय कुणी काढलाच नाही. तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत खिडकीशी तो बसायचा. बोलायचा कमी, पण एकदा बोलायला लागला की अथपासून इतिपर्यंत. आई म्हणायची, "ह्याला मीठ कुठंय विचारा, हा आधी डब्याची हकीकत सांगेल."

तो नोकरीला होता ब्रेल पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात. छापखाना म्हटल्यावर शाईचा वास आठवतो, तिथे शाईचा थेंब नव्हता. जाड, पिवळसर कागदांचे गठ्ठे, आणि आतल्या खोलीत ठिपके उठवणारं मशीन. ते चालू झालं की पत्र्यावर कुणी वाटाणे ओततंय असा आवाज यायचा. मशीनवरचा माणूस कानात कापूस घालून काम करायचा आणि त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलायचा, घरीसुद्धा.

मामाचं काम मला समजायला बरीच वर्षं लागली. त्याने ते मला एकदा जेवताना समजावलं. पुस्तक संगणकाच्या आत असतं तेव्हा ते झाडासारखं असतं, तो म्हणाला. पुस्तक हे खोड, धडे या फांद्या, परिच्छेद या डहाळ्या, आणि शब्द ही पानं. पण फायलीत झाड उभं करता येत नाही. तिथे सगळं एका रांगेत, अक्षरामागे अक्षर असं लिहून काढावं लागतं, आणि कुठली फांदी कुठे सुरू झाली नि कुठे संपली हे कळावं म्हणून कंसांच्या खुणा घालाव्या लागतात. त्या लिहिण्याच्या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. त्याने सी भाषेत एक प्रोग्राम लिहिला होता, तो हे झाड फायलीत उतरवायचा. ती फाइल मग मशीनकडे जायची.

"एवढंच?" मी म्हणाले.

"एवढंच," मामा म्हणाला. "पण उतरवताना काय काय ठरवावं लागतं बघ. अक्षरं कुठल्या संकेतात लिहायची. फायलीच्या डोक्यावर, ही फाइल कसली आहे हे सांगणारी घोषणेची ओळ ठेवायची की नाही. आत काहीच नसलेली खूण एका कंसात मिटवायची की उघडून बंद करायची. खुणा पायऱ्या पाडून एकाखाली एक मांडायच्या की सलग सोडायच्या. झाड तेच असतं गं. कागदावर ते कसं उतरतं, ते आपण ठरवायचं."

यातली पहिली गोष्ट ठरवायला तो नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात विसरला होता. अक्षरांचा संकेत सांगितला नाही, म्हणून प्रोग्रामने सावधपणे प्रत्येक अक्षराच्या जागी त्याचा क्रमांक लिहून ठेवला. शहाण्या प्रोग्रामला ते क्रमांक वाचून अक्षरं परत मिळतात, पण मशीनजवळचा जुना प्रोग्राम अडाणी होता. त्याने आकडेच्या आकडे कागदावर उठवले. ती पानं गेली मोठ्या ताईंकडे.

मोठ्या ताई म्हणजे छापखान्यातल्या प्रूफं तपासणाऱ्या बाई. जन्मापासून दिसत नव्हतं. भाषा घेऊन पदवी घेतलेली, तीन लिप्या बोटांना पाठ, आणि जिभेला धार. पहिल्या पानावरून दोन्ही हात फिरवून त्यांनी विचारलं, "नवीन साहेब, कादंबरी सांगितली होती. तुम्ही टेलिफोन डिरेक्टरी छापलीत का?"

मामा सांगायचा, त्या दिवशी भूमी दुभंगली असती तर बरं झालं असतं. पण पुढे त्या दोघांचं चांगलं जमलं. भांडत भांडतच, पण जमलं. ताई बोटाने चूक पकडायच्या, मामा ती कुठून आली ते शोधायचा. असं पंधरा वर्षं चाललं.

मग नवे व्यवस्थापक आले. माणूस सालस होता, कामाचा होता. छापखान्यात पुस्तकांची आवक वाढली होती आणि एकट्या ताईंवर सगळं लोटणं बरं नव्हतं, म्हणून त्यांनी डोळ्यांनी तपासणारी दोन माणसं घेतली. ही दोघं फायली पडद्यावर उघडून बघणार होती. पण मामाच्या फायली म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग ओळ. उघडली की डोळे फिरायचे.

"मामा, हे माणसाला वाचता येईल असं करता येईल का हो?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"येईल की. एक पर्याय चालू करायचा आहे फक्त."

आणि त्याने तो चालू केला. आता प्रत्येक खूण नव्या ओळीवर, आतली खूण थोडी आत सरकवून, अशी छान पायऱ्यापायऱ्यांची मांडणी दिसू लागली. मामा काही आंधळेपणाने करणारा नव्हता. पायऱ्या पाडायच्या म्हणजे फायलीत जादा मोकळी जागा घालायची, आणि मशीनजवळचा तो अडाणी प्रोग्राम मोकळी जागा दिसली की कागदावर एक रिकामं घर, म्हणजे एका अक्षराएवढी जागा सोडतो, हे त्याला माहीत होतं. पण तो वापरत होता ती लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार सरंजाम, याबाबतीत सांभाळून वागायची. ज्या खुणेच्या आत थेट मजकूर असेल तिथे ती पायऱ्या पाडत नसे, सगळं होतं तसं ठेवत असे. मामाने एक कादंबरी, एक इतिहासाचं पुस्तक आणि एक आरोग्यावरचं पुस्तक काढून पाहिलं. ताईंनी बोट फिरवून मान हलवली. कुठे एक घर जास्त नव्हतं.

त्यानंतर आलं ब्रेल शिकणाऱ्यांसाठीचं पहिलं पुस्तक. पातळसं, सोप्या शब्दांचं. अंधशाळेला ते हवं होतं. या पुस्तकात शिक्षकांच्या सोयीसाठी प्रत्येक अक्षराला स्वतंत्र खूण दिलेली होती. म्हणजे 'पाणी' या शब्दात 'पा' एका खुणेत आणि 'णी' दुसऱ्या खुणेत. शब्दाच्या खुणेत थेट मजकूर असा नव्हताच, नुसत्या खुणाच खुणा. लायब्ररीला वाटलं, इथे मजकूर नाही, फक्त रचना आहे. तिने सांगितल्याप्रमाणे पायऱ्या पाडल्या. प्रत्येक अक्षर वेगळ्या ओळीवर गेलं, आणि कागदावर प्रत्येक अक्षरानंतर एक रिकामं घर आलं. दोन शब्दांमध्येही तेवढंच घर. कुठे शब्द संपतो आणि कुठे नुसतं अक्षर, हे बोटाला कळायची सोय राहिली नाही.

ताईंच्या बोटाखालून हे सुटलं नसतं. पण त्याच सुमारास त्यांचं उजव्या हाताचं पहिलं बोट तव्यावर भाजलं होतं आणि फोड फुटून कातडी नवी येईपर्यंत त्या घरी होत्या. दोघा तपासनिसांनी फाइल पडद्यावर पाहिली. पडद्यावर ती फार सुबक दिसत होती.

पुस्तक छापलं, बांधलं, शाळेत गेलं.

ताई परत आल्या तेव्हा टेबलावर साचलेल्या पुस्तकांत ते होतं. नव्या कातडीला वाचायची सवय करायची म्हणून त्यांनी सोपं पुस्तक मुद्दाम आधी उचललं. मामा पलीकडच्या टेबलावर होता. त्याला ताईंचा आवाज आला, पण नेहमीची धार नव्हती.

"मामा, जरा इकडे या. हे पुस्तक तोतरं बोलतंय."

मामाने ठिपके डोळ्यांनी पाहिले. ब्रेल त्याला बघून ओळखता यायचं, एकेक अक्षर जुळवत. पा, रिकामं घर, णी, रिकामं घर. पुढचं पान तसंच. त्याला लगेच कळलं काय झालं असणार. तो खुर्चीवर बसला.

"किती प्रती गेल्या?" ताईंनी विचारलं.

"सगळ्या."

व्यवस्थापकांनी डोक्याला हात लावला, पण आरडाओरडा केला नाही. "पर्याय मी मागितला होता," ते म्हणाले. "दोष लायब्ररीचा म्हणू आपण. नवी प्रत पाठवू, जुन्या परत मागवू."

"लायब्ररीने मी सांगितलं तेच केलं," मामा म्हणाला. "नवी प्रत पाठवूच. पण मी स्वतः जाऊन येतो. त्या पुस्तकावर कोण काय शिकलं ते बघायला हवं."

मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टी होती. मामाबरोबर गेले. शाळा म्हणजे एक लांबट, पांढरी इमारत, भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर सगळीकडे लाकडी कठडा. पहिलीच्या वर्गातली मुलं पुस्तक वाचत होती, आणि वाचताना प्रत्येक अक्षरानंतर थांबत होती. मामाने वर्गाच्या बाईंना सगळं समजावलं. बाई स्वतः डोळस होत्या; त्या मोठ्या अक्षरांच्या शिक्षकप्रतीवरून शिकवायच्या, आणि ती प्रत दुसरीकडे शाईने छापलेली असल्यामुळे ठीक होती. त्यांचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, यंदाचा वर्गच मंद आहे," त्या म्हणाल्या.

पुढच्या बाकावरची एक छोटी मुलगी सगळं ऐकत होती. तिला सगळे चिमणी म्हणत. मामाने तिच्या हाताखाली नवं पान सरकवलं. तिने एकदा वाचलं, परत वाचलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे पाणी आहे? प्यायचं पाणी?"

"हो गं."

"मग पा आणि णी कोण होत्या?"

चिमणीने मागच्या पुस्तकात दोन मैत्रिणी बनवल्या होत्या, एक पा आणि एक णी, आणि त्या कधी एकमेकींशी बोलत नाहीत म्हणून तिला वाईट वाटत होतं. आता त्या दोघी मिळून नुसतं पाणी निघालं, हे तिला मुळीच आवडलं नाही. मुलं हसली, बाई हसल्या. मुलांचं नुकसान फारसं नव्हतं. आठवड्याभरात ती नव्या पुस्तकावर धावू लागणार होती.

आम्ही निघताना बाई म्हणाल्या, "मोठ्यांच्या वर्गातही हेच पुस्तक होतं. ज्यांची नजर उशिरा गेली अशांचा वर्ग. त्यातले बाकीचे टिकून आहेत. पण एक शिंपी होते, त्यांनी येणं सोडलं. म्हणाले, माझ्या बोटांत आता काही राहिलं नाही."

मामा दारातच थांबला. "त्यांचा पत्ता द्याल?"

शिंपीकाकांचं घर दुकानाच्या मागेच होतं. दुकान आता त्यांचा जावई बघायचा. मधल्या दारावर पडदा, पडद्यापलीकडे शिलाई मशीनचा आवाज, आणि अलीकडे खाटेवर काका बसलेले. साठीचे असतील. अंगावर स्वच्छ, इस्त्रीचा सदरा. काकू आम्हाला बसायला सांगून आत गेल्या, पण फार आत नाही. त्यांना ऐकायचं होतं.

मामाने सांगितलं, मी छापखान्यातून आलोय, पुस्तकात चूक होती.

"शाळेने पाठवलं ना?" काका म्हणाले. "बाई चांगल्या आहेत. समजूत काढायला कुणाला तरी पाठवतील असं वाटलंच होतं."

"समजूत काढायला नाही आलो. चूक माझी आहे, ती सांगायला आलोय."

"चाळीस वर्षं कापड हाताळलं मी, साहेब. हात लावून सांगायचो, सूत किती आणि खळ किती. ते हात एक ओळ वाचू शकले नाहीत. तिथे बाकीचे अडखळत का होईना, पुढे जात होते. मी विचारायचो, हा शब्द कुठे संपला? कुणालाच सांगता येईना. मग मनात आलं, पुस्तक कसं चुकेल, मीच संपलो."

आत भांड्याचा आवाज झाला. काकूंच्या हातून काहीतरी पडलं असावं.

मामाने पिशवीतून दोन पानं काढली. एक जुनं, एक नवं. शेजारी शेजारी काकांच्या मांडीवर फळीवर ठेवली. "डावीकडचं तुम्ही वाचलेलं. उजवीकडचं आज छापलेलं. मजकूर एकच आहे. मी काही सांगत नाही."

काकांनी डावं पान आधी चाचपलं आणि ओठ आवळले. ओळखीचं होतं ते. मग उजवा हात उजव्या पानावर गेला. बोट हळूहळू सरकलं, थांबलं, मागे आलं, परत सरकलं. पडद्यापलीकडचं मशीनही थांबलं होतं. जावई ऐकत होता बहुतेक.

"पा. णी," काका पुटपुटले. मग पुढची जागा चाचपली, तिथे रिकामं घर होतं. "इथे संपला. पाणी. हा शब्द इथे संपला!"

"हो."

"पुढे... दे. पाणी दे." त्यांनी परत डाव्या पानावर बोट ठेवलं, परत उजव्या. असं चार-पाच वेळा केलं. मग मान वर केली. "अहो, हे तर उसवलेलं होतं! सगळी शिवण उसवलेली. आणि मी समजतोय माझं बोट गेलं."

काकू पदराने डोळे पुसत बाहेर आल्या आणि मामाला म्हणाल्या, "तुम्हाला चांगलं रागवावंसं वाटतंय मला."

"रागवा की," मामा म्हणाला.

"चहा घ्या आधी," त्या म्हणाल्या, आणि रागवायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा प्रोग्रामला बसला. व्यवस्थापकांना वाटत होतं, तो पर्याय बंद केला की झालं. मामा म्हणाला, "बंद केला तर उद्या कुणीतरी पुन्हा चालू करेल. त्याचंही कारण चांगलंच असेल." त्याने झाड उतरवायच्या दोन वेगळ्या वाटा केल्या. एक डोळ्यांसाठी, तिच्यात हव्या तेवढ्या पायऱ्या. एक बोटांसाठी, तिच्यात पायऱ्यांचा पर्यायच ठेवला नाही. संकेत, घोषणा, रिकाम्या खुणा, सगळं तिच्यात पक्कं बांधून टाकलं, कुणी विसरायचा प्रश्नच नको. आणि फाइल लिहून झाली की प्रोग्रामने ती स्वतःच परत वाचायची, तिच्यातला मजकूर मूळ झाडाशी ताडून बघायचा, आणि एक जरी मोकळी जागा जास्त निघाली तरी मशीनला ती द्यायचीच नाही. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आता माझी नोकरी गेली म्हणा."

"तुमच्यासारखं टाकून बोलणं त्याला जमत नाही अजून," मामा म्हणाला.

सगळे हसले. पण मामाच्या मनातून ते गेलं नव्हतं. एके दिवशी त्याने घरी आईला सांगितलं, "अगं, मी शनिवारी ब्रेल शिकायला जाणार आहे."

"तुला येतं ना ते?" आई म्हणाली.

"बघून येतं. बोटाने नाही येत. इतकी वर्षं फायली काढतोय, एकही बोटाने वाचलेली नाही."

शाळेने त्याला मोठ्यांच्या वर्गात घेतलं. शिंपीकाका परत यायला लागले होते, त्यांच्याच शेजारी त्याची जागा. अडचण एकच होती. दिसणाऱ्या माणसाची नजर आपोआप ठिपक्यांवर जाते आणि बोट नुसतं नाटक करतं. मोठ्या ताईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी जाड कापडाचा एक झोळणा शिवून घ्यायला सांगितला, ज्यात पुस्तक आणि हात दोन्ही घालून वाचायचं. झोळणा शिंपीकाकांनीच जावयाला माप सांगून शिवून घेतला. मामा तो गळ्यात अडकवून बसायचा. मी एकदा न्यायला गेले तेव्हा त्याला तसा बघून मला हसू आवरलं नाही. कपाळावर घाम, जीभ दातांत, आणि झोळण्यात चाललेली चाचपणी.

"काय वाचतोयस?"

"गप्प बस. 'माळ' आहे की 'माठ', तेच ठरत नाहीये."

"माठ," काका शेजारून म्हणाले. त्यांनी ते पान केव्हाच संपवलं होतं.

वर्षअखेरीला वर्गाची परीक्षा झाली. एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि नंतर त्यावरच्या प्रश्नांची उत्तरं सांगायची. शिंपीकाका सावकाश वाचत गेले, पण कुठे न अडखळता, आणि पास झाले. जावयाने दुकानात पेढ्यांऐवजी गिऱ्हाइकांना एकेक बटण फुकट लावून दिलं, असं काकू कौतुकाने सांगत होत्या. मामा नापास झाला. दोन ओळींतच त्याची गाडी रुतली.

मला वाटलं, तो खट्टू होईल. पण घरी येऊन त्याने बूट काढले, हात धुतले आणि आईला अगदी समाधानाने निकाल सांगितला, आधी काकांचा आणि मग स्वतःचा.

"मग आता?" आई म्हणाली.

"पुढच्या वर्षी पुन्हा बसेन. शिंपीकाका म्हणालेत, रोज संध्याकाळी या, मी घोटून घेतो."

आणि तो जायला लागला. कामावरून सुटला की दुकानाच्या मागच्या खोलीत तासभर. काका कडक मास्तर होते. चुकलं की बोटावर मोजपट्टी हळूच वाजवायचे, मग दोघं चहा घ्यायचे, आणि काकू बाहेर येऊन आज किती ओळी झाल्या ते विचारून जायच्या.